खिलाफ म्हणा आणि सुटा

जावाच्या उत्तर किनाऱ्याच्या महामार्गावर माणूस गाडीखाली आला की आमचे लोक आधी जखमीकडे धावत नाहीत, ड्रायव्हरकडे धावतात. ही काही अभिमानानं सांगायची गोष्ट नाही, पण खोटं कशाला बोलू? जो थांबला तोच गुन्हेगार, हा इथला हिशेब. ज्यानं काही केलेलंच नाही तो कशाला थांबेल, असं इथं सगळे धरून चालतात. त्यामुळे ठोकणारे थांबत नाहीत आणि न ठोकणारेही थांबत नाहीत. चुकून एखादा थांबलाच तर त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागतं.

याच महामार्गावर, ब्रेबेसच्या अलीकडे, वारिंगिन चौकात मुगियोनो नावाचा वाहतूक पोलीस होता. बुटका, जाड मानेचा, ओठात कायम लवंगेची सिगारेट. सगळे त्याला पाक मुगी म्हणत, म्हणजे मान बापाचा आणि नाव अर्धंच. त्याची खरी ओळख मात्र त्याची थप्पड. अपघात झाला की तो गर्दी फोडत आत शिरायचा, ड्रायव्हरला कॉलर धरून बाहेर ओढायचा आणि सगळ्यांदेखत अशी एक ठेवून द्यायचा की पलीकडच्या मशिदीच्या ओट्यावर झोपलेले म्हातारे उठून बसत. वर शिव्या. "भडव्या, डोळे गहाण टाकून आलास का?" मग हातकडी, पाठीत गुडघा, आणि फेकला जीपमध्ये. लोकांच्या हातातल्या विटा हातातच राहत. पोलीसच एवढा तुटून पडलाय तर आपण आणखी काय करणार, असं त्यांना वाटायचं. आणि तेवढ्यात जीप निघून गेलेली असायची.

नोकरीला लागला तेव्हा मुगियोनो असा नव्हता. तेव्हा तो सभ्य होता. एका बसखाली शाळेतला पोरगा आला, आणि हा बसच्या ड्रायव्हरचं मनगट धरून गर्दीला म्हणाला, "भावांनो, शांत व्हा, कायद्याला काम करू द्या." भावांनी ड्रायव्हरचा दुसरा हात धरला आणि ओढला. मुगियोनोच्या मुठीत सदऱ्याची बाही तेवढी राहिली. ड्रायव्हरला त्यांनी रस्त्याच्या कडेला नेलं आणि डोकं धरून मैलाच्या दगडावर आपटलं, पुन्हा आपटलं, तो आईला हाका मारायचा थांबला तरी आपटत राहिले. मुगियोनोनं हवेत गोळी झाडली तर त्याच्या तोंडावर वीट आली. त्याचे पुढचे दोन दात खोटे होते ते त्या दिवसापासून. मारणारे कोणी परके नव्हते. त्यात न्हावी होता, शाळेचा शिपाई होता, त्याला रोज उधारीवर चहा देणारा होता.

आणि संध्याकाळी सगळे म्हणाले, खिलाफ.

आमच्याकडे खिलाफ म्हणजे विरुद्ध नव्हे. भान सुटून, नकळत हातून घडलेली चूक म्हणजे खिलाफ. फार सोयीचा शब्द आहे. ट्रकवाला म्हणतो खिलाफ झाला, मारणारे म्हणतात खिलाफ झाला. मग हात मिळवायचे, समेटाच्या कागदावर सह्या करायच्या, चिनी मातीच्या कपातून गोड चहा प्यायचा आणि घरी जायचं. मेलेल्याचा बापसुद्धा मान डोलावतो, कारण त्याला उद्या याच लोकांत राहायचं असतं. मुगियोनोला या शब्दाची शिसारी होती. त्यानं त्यानंतर कधी कुणाला शांत व्हा म्हटलं नाही. तो थप्पड मारायला शिकला.

निवृत्ती जवळ आली तेव्हा सेमारांगच्या विद्यापीठातून लारास नावाची बाई आली. एका अपघाताचा सरकारला नेमका किती खर्च येतो, दवाखान्याचा किती आणि पोलिसांचा किती, याचा अंदाज काढायचं काम तिच्याकडे होतं. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ती चौकातल्या चौकीत बसायची. तिची जावानी अशी मऊ की आमची रांगडी बोली ऐकून पहिले काही दिवस तिला वाटायचं, सगळे भांडतायत.

पहिल्याच अपघातात मुगियोनोनं एका टेम्पोवाल्याला वाजवली तेव्हा ती पांढरीफटक पडली. तरी हातातलं काम सोडलं नाही.

"पाक, हे तुम्ही आत्ता केलंत ते मी कशात धरू? वाहतूक नियंत्रणात की तपासात?"

"प्रथमोपचारात धरा," मुगियोनो म्हणाला.

तिला वाटलं, थट्टा करतोय. मग ती जिल्ह्याच्या दवाखान्यात बसून आली, आणि परत आली ती वेगळाच चेहरा घेऊन.

"पाक, रस्त्यावरून येणाऱ्या मोडतोडीतली निम्मी मोडतोड गाडीनं केलेलीच नाही. जबडे, बरगड्या, फुटलेली प्लीहा. हे सगळे ड्रायव्हर. त्यांच्यावर जखमींपेक्षा जास्त खर्च होतोय. मला सांगितलंय अपघाताचा खर्च काढ. मग हा जबडा अपघाताचा म्हणायचा की नाही?"

"म्बाक," ताई म्हणावं तसं तो म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा."

"आणि तुमच्या ड्युटीत असे ड्रायव्हर जवळपास येतच नाहीत." ती त्याच्या तळहाताकडे बघत राहिली. "अहवालात कसं लिहू? की या महामार्गावरचा सगळ्यात स्वस्त उपचार म्हणजे एका हवालदाराची थप्पड?"

"लिहा की. हाताचा फोटोपण लावा." तो हसला तेव्हा त्याचे खोटे दात हलले.

हसणं फार टिकलं नाही. कुणीतरी फोनवर त्याचा व्हिडिओ काढला आणि सोडून दिला. रक्तबंबाळ ड्रायव्हर आणि त्याला कानफटात मारणारा पोलीस. आख्ख्या देशानं पाहिला, आख्ख्या देशानं शिव्या घातल्या. ठाण्याचा मुख्य हेंद्रात्नो, मुगियोनोहून वयानं लहान पण वाईट माणूस नव्हे, त्यानं बोलावून सांगितलं.

"पाक मुगी, वरून आलंय. पुन्हा हात उचललात तर बडतर्फी. पेन्शन गेली समजा."

"आणि लोकांनी मारला तर ड्रायव्हरला?"

"तो लोकांचा खिलाफ. तुमचा नाही."

मुगियोनोनं सलाम ठोकला. जन्म पोलीस वसाहतीच्या दोन खोल्यांत गेला होता. त्याची बायको बू एतिक हिनं पेन्शनच्या भरवशावर माहेरच्या जागेत घर काढायला घेतलं होतं, कौलं आणून रचूनसुद्धा ठेवली होती. त्यानं ठरवलं, उरलेले दिवस हात खिशात ठेवायचा.

त्यानंतरचा मंगळवार. सकाळची वेळ, खोट्या पापण्यांच्या कारखान्यात जाणाऱ्या पोरींच्या स्कूटरी नुसत्या मुंग्यांसारख्या चालल्या होत्या. मुगियोनो चौकात उभा होता, लारास जीपमध्ये बसली होती. पुलाच्या बाजूनं एक सिमेंटचा ट्रक सुसाट आला. त्याच्या बंपरखाली काहीतरी अडकलं होतं आणि रस्त्यावर ठिणग्या उडवत फरफटत होतं. शिट्टी तोंडाला लावेपर्यंत ट्रक पार झाला. फरफटत होतं ते स्कूटरचं चाक होतं, हे मुगियोनोनं पाहिलं.

त्याच्या मागोमाग एक पिकअप आली. मागे लाल कांद्याची पोती, आणि पोत्यांवर एक मुलगी आडवी. पिकअप चौकातल्या टोफूच्या टपरीसमोर थांबली. गाडीवाला खाली उतरला, कोपरापर्यंत रक्तानं माखलेला. टपरीकडे तोंड करून काहीतरी ओरडायला त्यानं हात वर केला.

"हाच तो!" कुणीतरी किंचाळलं.

टपरीवाला दुलमानन कढईपुढे उभा होता. त्यानं मान वर केली आणि पोत्यांवरची मुलगी ओळखली. ती त्याची खुस्नुल होती. कारखान्यातला निळा कोट, एक पाय उलटा वळलेला, तोंड पांढरं. दुलमाननला वाटलं, मेली. तो टपरीवरून उडी मारून आला आणि हातातल्या उकळत्या तेलाच्या झाऱ्यानं गाडीवाल्याच्या तोंडावर मारलं. कातडी भाजल्याचा चर्रकन आवाज झाला. गाडीवाला खाली पडला तो पुन्हा उभा राहू शकला नाही, कारण तोवर सगळा चौक त्याच्यावर आला होता. लाथा, बांबू, हेल्मेट. एकानं टपरीची फळी उचकटली. एक म्हातारा, चालायला काठी लागते असा, तीच काठी घालत होता. दोघांनी पिकअपची किल्ली काढून नाल्यात फेकली, पळून जाऊ नये म्हणून. खुस्नुल पोत्यांवर पडून होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

मुगियोनोनं पिकअपचं तोंड पाहिलं. दोन्ही दिवे शाबूत, बंपरवरची धूळसुद्धा पुसलेली नव्हती.

"सोडा! यानं नाही ठोकलं, ट्रकनं ठोकलं!" तो ओरडला.

"पैसे खाल्ले याने! पोलिसांनी पैसे खाल्ले!"

लाथा वाढल्या. गाडीवाल्यानं आतापर्यंत डोकं हातांत धरलं होतं, ते हात सुटले. एक जण मैलाच्या दगडाएवढा सिमेंटचा ठोकळा दोन्ही हातांनी उचलून आणत होता. मुगियोनोनं तो ठोकळा पाहिला आणि मग त्यानं हात खिशातून काढला.

या वेळी थप्पडीनं भागणार नव्हतं. रक्त बघितलेल्या लोकांना आवाज पुरत नाही. त्यानं कमरेचं दांडकं काढलं, "बाजूला व्हा, माझा आहे हा! खुनी कुत्र्या!" असं बोंबलत घुसला आणि गाडीवाल्याच्या जबड्यावर खरंखुरं, पूर्ण ताकदीनं हाणलं. हाड मोडल्याचं त्याच्या हाताला कळलं. दात रस्त्यावर पडले. दुसरा तडाखा गळ्याखालच्या हाडावर. ठोकळेवाला थबकला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, हो, टाळ्या. "हाण पाक मुगी, हाण!" त्यानं आणखी एक हाणला, केस धरून त्याला फरफटत जीपपर्यंत नेलं आणि आत टाकलं.

"पोरीला आणा!" त्यानं लारासला सांगितलं. लारासनं आणि एका रिक्षावाल्यानं खुस्नुलला उचलून गाडीवाल्याच्या शेजारीच जीपच्या फरशीवर ठेवलं. ती श्वास घेत होती. बारीक, पण घेत होती. शंभरेक मोटरसायकली जीपच्या मागे लागल्या, म्हणून मुगियोनो दवाखान्याच्या फाटकापर्यंत त्या माणसाला खुनी, खुनी म्हणतच राहिला. त्याची माफी मागायला तोंड मोकळं नव्हतं. फरशीवर त्या दोघांचं रक्त एकत्र होऊन लारासच्या चपलांखाली आलं होतं.

खुस्नुलला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणायला हवं होतं. पाव तास जरी आधी आणली असती तरी वाचली असती. मुगियोनो बाहेर आला. दुलमानन दारात उभा होता, झारा अजून हातात.

"जागीच गेली," मुगियोनो म्हणाला. "तिला काही कळलंसुद्धा नाही."

नंतर लारासनं विचारलं, "पाक, जागीच गेली म्हणालात. तिला रक्त चढवलंय, भूल दिलीय. माझ्याकडे तो खर्च आहे."

"असू दे तुमच्याकडे. त्या बापाच्या कानावर घालू नका."

गाडीवाल्याचं नाव तार्सुन. आतल्या गावचा कांद्याचा व्यापारी. ट्रक आठवड्याभरात सापडला, ड्रायव्हर खिलाफ म्हणाला, मालकानं थोडी भरपाई दिली, प्रकरण मिटलं. तार्सुनचं मात्र मिटलं नाही. चौकातल्या या माराचा व्हिडिओ त्याच्या गावात सगळ्यांनी फोनवर बघितला होता ना! ट्रक असेल हो, पण याचंही काहीतरी असणारच. नाहीतर पाक मुगीसारखा जुना पोलीस याला असा फोडेल? आणि दवाखाना सरळ रस्त्यावर असताना हा चौकात थांबला कशाला? कांदा कुणी घेईना. त्याच्या पोरीला शाळेत खुन्याची पोर म्हणू लागले. तारेनं बांधलेल्या जबड्यातून तार्सुननं तक्रार केली. मला पैसे नकोत, माझं नाव धुऊन द्या, एवढंच त्याचं म्हणणं.

हेंद्रात्नोनं तालुक्याच्या सभागृहात समेटाची बैठक लावली आणि मुगियोनोला आधी बोलावून घेतलं.

"एक शब्द बोलायचा. खिलाफ. गोंधळात तुम्हाला तोच ड्रायव्हर वाटला. ताकीद देऊन मी फाईल बंद करतो."

"मला वाटलं नव्हतं. मला माहीत होतं की तो नाही."

"तेच बोलू नका! माहीत असून निर्दोष माणसाचा जबडा फोडला म्हणालात तर तुम्हाला देवही वाचवणार नाही."

"आणि वाटला म्हणालो तर तार्सुन जन्मभर गुन्हेगार वाटण्यासारखाच माणूस राहील."

घरी बू एतिकनं सगळं ऐकून घेतलं आणि भांडं आपटलं. "आयुष्यभर जगाच्या कानाखाली मारलीत. आता माझ्या मारा." त्यानं भांडं उचलून जागेवर ठेवलं. पेन्शनचं ओझं होतंच, पण त्याहून मोठं दुसरंच होतं. तार्सुन निर्दोष आहे हे पोलिसांनी भर सभेत सांगितलं की दुलमाननला पुढचं कळायला किती वेळ लागणार? पोरीला दवाखान्यात घेऊन निघालेली गाडी कोणी अडवली?

सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. एका बाजूला तार्सुनच्या गावचे, दुसऱ्या बाजूला चौकातले. दुलमानन मागच्या रांगेत होता. चहा आला, तळलेला टोफू आला. हेंद्रात्नो छान बोलला. माणूस आहे, चूक होते, मन मोठं करूया. तार्सुनच्या गावचा एक जण दात कोरत म्हणाला, "तसं पाक मुगीचं तरी काय चुकलं? रक्तानं माखलेला, तोंड असं. दिसतच होता तो तसा!"

लोक हसले. तार्सुनची बायको हसली नाही. तार्सुननं मान खाली घातली, आणि त्याच्या तोंडातून लाळ गळली, जबडा नीट मिटत नव्हता म्हणून. ती त्यानं बाहीला पुसली.

मुगियोनो उभा राहिला.

"खिलाफ झालेला नाही," तो म्हणाला. "मी शुद्धीवर होतो. ट्रक मी डोळ्यांनी पाहिला. या माणसाच्या गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. यानं पोरीला रस्त्यावरून उचललं, एवढाच याचा गुन्हा. मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं आणि मी त्याचा जबडा फोडला. नसता फोडला तर तुम्ही डोकं फोडलं असतं. ठोकळा कुणी उचलला होता तेही मला माहीत आहे. आज इथं बसून चहा पितोय तो."

हेंद्रात्नोनं डोळे मिटले. पेन्शनचं काय झालं ते सांगून टाकतो म्हणजे जीव टांगणीला नको. गेली. सबंध गेली, आणि बू एतिक पुढे वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही.

पण त्या क्षणी कुणाला पेन्शन आठवत नव्हती. मागच्या रांगेतून दुलमानन उठला होता.

"पाक मुगी. आम्ही याला मारत होतो तेव्हा माझी खुस्नुल..."

मुगियोनोनं हे येणार हे जाणून रात्री कितीतरी उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"जिवंत होती."

"सरळ गेली असती तर?"

"वाचली असती."

दुलमानन खुर्च्यांमधून वाट काढत तार्सुनपाशी आला. तार्सुनच्या गालावर झाऱ्याचा गोल डाग होता, अजून लाल. लोकांना वाटलं, पाया पडेल. तो पडला नाही. त्याचा आवाज चिडलेला होता, भांडायला आल्यासारखा.

"मग गेला का नाहीस रे सरळ? दवाखाना समोर होता. थांबलास कशाला तू? चौकात थांबलास कशाला?"

तार्सुनला बोलायला वेळ लागायचा. शब्द तारेतून बाहेर यायचे. सगळं सभागृह वाकून ऐकत होतं.

"तिनं थांबवलं, दादा. मागची काच वाजवत होती. म्हणाली, ते काय बाबा तळतायत तिथं, त्यांना घ्या. मला एकटीला भीती वाटते."

दुलमानन तिथंच खाली बसला. त्याला उठवायला कुणी पुढे झालं नाही. हात लावायची लाज वाटू नये असे त्या सभागृहात फार थोडे लोक होते.